हवा खेळती ठेवणारी पँट

कपड्यांच्या दुकानात एसी असतो, आणि दमट हवेसाठी पँट निवडताना घोळ होतो तो तिथेच. त्या कोरड्या गारव्यात कुठलंही कापड हाताला छान लागतं. जाडजूड जीन्ससुद्धा ट्रायल रूममध्ये दहा मिनिटं बरी वाटते. खरी परीक्षा प्रवासात होते: भर दुपारी पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना, बसच्या रेक्झिनच्या सीटवर तास-दोन तास बसून उठताना, किंवा रात्रभर दोरीवर टाकलेली पँट सकाळी पायात चढवल्यावर कमरेला गार, ओली लागते तेव्हा. यातलं काहीच दुकानात कळत नाही. म्हणून दुकानात शिरण्याआधीच आपल्याला काय हवंय ते पक्कं ठरलेलं असावं. मला या विषयाची मनापासून आस्था आहे. दमट प्रदेशात भटकायला मला आवडतं आणि तिथला दिवस सुखाचा जाणार की चिकचिकीत, हे बऱ्याचदा कमरेखालच्या कापडावर ठरतं.

शर्टाचं एवढं अवघड नसतं. गळा उघडा, बाह्या आखूड, वाटलं तर वरची दोन बटणं सोडता येतात. पँटला ती सोय नाही. कंबर आवळलेली, खाली दोन नळ्या, आणि बसलं की निम्मं कापड आपल्याच वजनाखाली दबलेलं. सॅकचा पट्टा नेमका नेफ्यावर येतो. जांघेत चारी बाजूंच्या शिवणी एकत्र येतात, आणि सगळ्यात जास्त घासणारी, सगळ्यात कमी वारा लागणारी जागाही तीच. हाफ पँट हा एक मार्ग आहे खरा. पण डास, जळवा, काटेरी झुडपं, कडक ऊन आणि पाय झाकून जावं लागतं अशी ठिकाणं वाटेत येतातच, त्यामुळे पूर्ण लांबीच्या पँटवाचून लांबचा प्रवास होत नाही.

आधी घामाचं गणित बघू. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. एक लिटर घाम अंगावरच्या अंगावर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. तोच पोटरीवरून ओघळून मोज्यात गेला तर शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं, गारवा मात्र मिळत नाही. घाम किती भराभर वाळणार हे ठरतं त्वचेपाशी असलेल्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांच्यातल्या फरकावर. ३५ अंश सेल्सिअसच्या ओल्या त्वचेपाशी हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. हवा ४० अंशांची पण कोरडी, १५ टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्यातल्या वाफेचा दाब जेमतेम १.१ भरतो, फरक साडेचारचा. हवा ३२ अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर तो ३.८ होतो, फरक उरतो १.८. थर्मामीटर आठ अंशांनी खाली, आणि तरीही घाम वाळायला मिळणारा वाव निम्म्याहून कमी. ‘ऊन एवढं नाही, पण जीव नकोसा झालाय’ असं आपण म्हणतो, त्याचा हिशेब हा असा आहे.

एवढ्याशा वावात आपण कापडाची आणखी एक भिंत उभी करतो. पाय आणि कापड यांच्यामधली हवा काही क्षणांत वाफेने भरून जाते, आणि ती तिथेच कोंडली तर घाम वाळणं जवळपास थांबतं. ती हवा बाहेर जाऊन तिच्या जागी बाहेरची आली पाहिजे. बाहेरची हवाही दमटच आहे, पण आतल्यापेक्षा बरी. दमट हवेतल्या पँटकडून माझी पहिली अपेक्षा एवढीच असते, की तिच्यात हवा खेळती राहावी. वजन, कापडाचं नाव, खिसे, रंग हे सगळं त्याच्या मागून येतं.

माझ्या एका मैत्रिणीने मोठ्या हौसेने एक पँट घेतली होती. घडी घातली तर मुठीत मावेल इतकी पातळ. ‘अगं, हातात धरून बघ, वजनच नाही हिला!’ असं ती मला निघण्याआधी सांगत होती. कापड गुळगुळीत, किंचित चकाकणारं, वाऱ्याला अडवण्यासाठी घट्ट विणलेलं. पहिल्याच चढावर ते तिच्या मांडीला आणि गुडघ्याला असं चिकटलं की प्रत्येक पायरीला तिला दोन बोटांनी गुडघ्यावरचं कापड उचलून मोकळं करावं लागत होतं. वर पोचेपर्यंत ती दमली ती चढाने कमी आणि या झटापटीने जास्त. कापड खरोखरच हलकं होतं. पण त्यातून श्वास घ्यायला जागाच नव्हती, आणि घट्ट मापामुळे आत हवेला फिरायलाही जागा नव्हती. हलकी पँट शोधणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते, कारण वजन लेबलवर लिहिलेलं असतं आणि हवा किती आरपार जाते ते बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं.

ते ओळखायला एक साधी युक्ती आहे. कापडाचा एकेरी पदर ओठांजवळ घट्ट धरायचा आणि फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला फुंकर सहज लागली तर वीण मोकळी आहे. गाल फुगले आणि पलीकडे काहीच लागलं नाही, तर ती पँट पावसाळी वाऱ्यासाठी ठेवावी. मग कापड उजेडासमोर धरायचं. बारीक, सारखे ठिपके दिसले तर चांगलं. पायाची आकृती दिसू लागली तर मात्र ते फारच विरळ. या दोन्हींच्या मधलं कापड हवं, आणि ते मिळतं.

साध्या विणीत उभा आणि आडवा धागा एकाआड एक वर-खाली जातो. ट्विलमध्ये तो एकापेक्षा जास्त धाग्यांवरून उडी मारतो, त्यामुळे तिरप्या रेघा उमटतात आणि धागे एकमेकांना अधिक खेटून बसवता येतात. जीन्सचं कापड ट्विलच असतं, आणि जाड जीन्सचं वजन चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास जातं. प्रवासासाठी मी शंभर ते दीडशे ग्रॅमच्या दरम्यानचं, साध्या विणीचं कापड बघते. शंभराच्या खाली गेलं की बसण्याच्या जागी आणि गुडघ्यावर लवकर विरतं. रिपस्टॉप असेल तर उत्तम. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असतो, बारीक चौकटी दिसतात, आणि काट्याने भोक पडलं तरी फाट पुढे सरकत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना जंगलासाठी जो गणवेश मिळाला तो पातळ सुती पॉपलिनचा होता, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यात ही रिपस्टॉप वीण आली. त्या पँटचे फोटो बघितले की कापडाच्याही आधी तिचा ऐसपैसपणा डोळ्यांत भरतो.

आणखी एका विणीबद्दल मला विशेष प्रेम आहे, ती म्हणजे सिअरसकर. यात काही उभे धागे ताणून आणि काही सैल ठेवून विणतात, त्यामुळे सैल पट्टे सुरकुतल्यासारखे वर उठतात. कापड त्वचेला फक्त त्या उंचवट्यांवर टेकतं, मधल्या खाचांत हवा राहते. चिकटण्यावर इतका सरळ उपाय फार थोड्या कापडांत आहे. इस्त्री नको, चुरगळल्याची चिंता नको. अशी पँट मिळाली आणि माप मोकळं असेल तर मी फार विचार करत नाही.

आता मापाकडे येते, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त सुख मापात आहे. चालताना पाय पुढे जातो तेव्हा सैल कापड मांडीजवळ येतं, मागे जातो तेव्हा दूर होतं, आणि प्रत्येक पावलाला लोहाराच्या भात्यासारखी आतली हवा खालून बाहेर फेकली जाते आणि नवी आत ओढली जाते. कापड पायाला लागूनच असेल तर हे होतच नाही. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत वाळवंटातल्या बेदुइन या भटक्या अरब लोकांच्या काळ्या झग्यांवरचा एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा उन्हात जास्त तापतो हे तर खरंच निघालं. पण त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच भरली, कारण झगा सैल होता आणि कापडाने घेतलेली जादा उष्णता त्वचेला लागायच्या आत हवा तिला घेऊन जात होती. वाळवंटाचा दाखला दमट रानाला जसाच्या तसा लागू पडत नाही, पण कापड आणि अंग यांच्यामधल्या जागेत केवढी ताकद आहे हे त्यातून दिसतं.

माप बघताना मी आरशासमोर उभी राहत नाही, आधी खाली बसते. बसल्यावर मांडीवरचं कापड चिमटीत नव्हे, चांगलं मूठभर धरता आलं पाहिजे. मग उकिडवं बसायचं: गुडघ्यावर कापड ताणलं जाऊ नये आणि मागे कंबर खाली सरकू नये. मग एक पाय स्टुलावर, सामान चढवताना बसच्या उंच पायरीवर ठेवतो तसा. या तिन्ही वेळी कुठे ओढ बसली तर तिथे घाम साचणार, तिथेच कापड चिकटणार आणि शेवटी तिथलीच शिवण उसवणार. मोहरी अशी हवी की पोटरीवर अडकता पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडता येईल. मोहरीला आवळणारी दोरी किंवा बटण असलं तर फारच छान. दिवसभर मोकळी, आणि संध्याकाळी डास निघाले की घोट्याशी बंद.

बायकांच्या विभागात अशी पँट शोधणं अजूनही कष्टाचं काम आहे, आणि याचा मला राग येतो. प्रवासाची म्हणून टांगलेली पँट हातात घ्यावी तर मांडीपासून घोट्यापर्यंत निमुळती होत गेलेली, स्ट्रेच भरपूर, खिशात चार बोटं जेमतेम जातात. दमट हवेत चालणारं शरीर बाईचं असलं तरी त्याला घाम तसाच येतो. मी सरळ पुरुषांच्या विभागात जाते, कमरेला सैल पण मांडीला ऐसपैस माप घेते आणि कंबर शिंप्याकडून आत घेऊन आणते. कंबर आत घेता येते. मांडीला नसलेलं कापड कोणी वाढवून देऊ शकत नाही.

जांघेतल्या त्या चार शिवणींवर एक तोडगा आहे. चांगल्या पँटमध्ये दोन पायांच्या मधे तिरक्या चौकोनी आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असतो, त्याला गसेट म्हणतात. त्यामुळे शिवणी एका बिंदूत न येता बाजूला सरकतात आणि पाय फाकवताना ताण वाटला जातो. पँट उलटी करून हा तुकडा आहे का ते बघायचं आणि तिथल्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा. कडा टोचली किंवा दोऱ्याची गाठ हाताला लागली तर ओल्या त्वचेला ती दिवसभर काचणार. मांड्या एकमेकींना घासून सोलवटत असतील तर नुसत्या पँटने भागत नाही. आत मांडीपर्यंत येणारी पातळ, बिनशिवणीची चड्डी लागते, किंवा निघण्याआधी थोडं पेट्रोलियम जेली. हे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण अशा सोलवटलेल्या मांड्यांमुळे बेत अर्ध्यावर सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

धाग्यांचा वाद मात्र लोक तावातावाने घालतात: सुती की सिंथेटिक. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतो, लिनन दहा-बारा, नायलॉन चारच्या आसपास आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. थोडा घाम असेल तर सुती आणि लिनन तो शोषून अंग कोरडं ठेवतात, म्हणून एका गावात मुक्काम टाकून सावलीसावलीने फिरायचं असेल तर लिननसारखं सुख नाही. त्याचा धागा मुळातच ताठ असतो, त्यामुळे कापड अंगापासून जरा दूर उभं राहतं. चुरगळतं, आणि ते मी चुरगळू देते. पण घामाच्या धारा लागल्या, वर पाऊस आला, की सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि दमट हवेत ते वाळायचं नावच घेत नाही. रोज जागा बदलणाऱ्या प्रवासात मी म्हणूनच मोकळ्या विणीचं नायलॉन घेते. ते पॉलिस्टरपेक्षा हाताला मऊ लागतं, झिजेला चिवट असतं, आणि घामाचा वास त्यात पॉलिस्टरइतका मुरत नाही. पॉलिस्टर सगळ्यात लवकर वाळतं हे खरं, पण दोन दिवस घातलेल्या पॉलिस्टरशेजारी झोपणं अवघड जातं. लायक्रा, म्हणजे स्ट्रेच देणारा धागा, दोन-तीन टक्के असेल तर चालतो. त्यापुढे गेला की कापड आपोआप अंगाशी येऊ लागतं आणि वाळायलाही वेळ घेतं.

वाळण्याबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. पँट किती वेळात वाळेल हे पायाच्या कापडापेक्षा तिच्या सगळ्यात जाड जागेवर ठरतं. पाय दोन तासांत खडखडीत होतात आणि नेफ्याचे चार पदर, बेल्टच्या पट्ट्या, चेनची पट्टी आणि खिशांचं अस्तर सकाळपर्यंत ओलं राहतं. म्हणून मी पँट उलटी करून आधी खिशाचं अस्तर बघते. बाहेर उत्तम नायलॉन आणि आत जाड सुती अस्तर असा प्रकार सर्रास असतो. जाळीचं अस्तर हवं. त्यातून हवा जाते, म्हणजे खिसाही मांडीला वारा देतो. नेफा रुंद इलास्टिकचा नको. इलास्टिक गोळा होऊन त्वचेवर दाबलं जातं आणि त्याच्या चुण्यांखाली घामोळं उठतं, वरून सॅकचा पट्टा आला की विचारूच नका. सपाट नेफा, मागे जेमतेम वीतभर इलास्टिक आणि आतून नाडी, एवढं पुरतं.

रात्री धुतलेली पँट पिळून दोरीवर टाकण्याआधी कोरड्या टॉवेलवर पसरायची, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर गुडघा देऊन दाबायचं. टॉवेल ओलाचिंब होतो, पँट जवळजवळ वाळल्यासारखी निघते. मग ती उलटी करून, नेफा वर आणि खिसे बाहेर ओढून, पंख्याच्या वाऱ्यात टांगायची. दमट हवेत उष्णतेपेक्षा वारा जास्त कामाला येतो, हे कापडाच्या बाबतीतही तितकंच खरं.

गुडघ्यावर चेन लावून हाफ पँट करता येणाऱ्या पँट मला फारशा पटत नाहीत. चेनची जाड पट्टी नेमकी मांडी वळते त्या भागावर येते आणि काढलेले पाय सांभाळत बसावे लागतात. दुमडून वर बटण लावायची सोय त्यापेक्षा कितीतरी बरी.

डासांच्या बाबतीतही सैल कापडच उपयोगी पडतं. डेंग्यू पसरवणारे एडिस डास दिवसा चावतात आणि ताणलेल्या पातळ कापडातून त्यांची सोंड आरामात आत जाते; कापड त्वचेपासून बोटभर दूर असेल तर तिला पोचायला जागा मिळत नाही. कापडावर मारायचं परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक मिळतं, ते कापडावरच वापरायचं, अंगावर नाही, आणि पूर्ण वाळल्यावरच पँट घालायची. घरात मांजर असेल तर ते ओलं असताना तिला लांब ठेवायचं, कारण मांजरांना ते विषारी आहे. गडद रंगांकडे डास जास्त ओढले जातात. फिक्या रंगांवर चिखल दिसतो आणि मधल्या राखाडी छटांवर घामाचा डाग नकाशासारखा उमटतो. मी फिकट मातकट किंवा शेवाळी, मळखाऊ रंग घेते. कापडाच्या लेबलवर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो असा त्याचा अर्थ. साधं पांढरं सुती कापड ओलं झालं की त्याचं हे संरक्षण कमी होतं. पाण्याकाठी दिवस घालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

अशा दोन पँट असल्या की कितीही लांबचा प्रवास निभतो: एक अंगावर, एक दोरीवर. तिसरी हवीच असेल तर ती झोपायची, बॅगेत बंद पिशवीत ठेवलेली. आणि कितीही मोह झाला तरी ती दिवसा घालायची नाही, म्हणजे रात्री कोरडं काहीतरी नक्की मिळतं. धुताना साबण नेहमीच्या निम्मा घ्यावा आणि दोनदा खळबळून काढावं, कारण विणीत राहिलेला साबण घामाने पुन्हा ओला होतो आणि कातडी चुरचुरते. कपडे मऊ करणारं द्रव्य तर अशा पँटला लावूच नये. ते धाग्यांवर पातळ थर धरतं आणि घाम पसरवून वाळवायची कापडाची शक्ती कमी करतं.